सही आणि हात : मार्क शागालच्या बायबलविषयक शिळामुद्रणांच्या संग्रहाचा प्रश्न

प्रास्ताविक

आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात बायबलच्या कथाविश्वाकडे आयुष्यभर पुन्हा पुन्हा वळणारे चित्रकार फार नाहीत. मार्क शागाल (१८८७–१९८५) हा त्यांतील अग्रगण्य होय. त्याच्या तैलचित्रांविषयी व काचचित्रांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्याच्या शिळामुद्रणांविषयी मात्र जे लिहिले जाते ते बहुधा दोन टोकांना विभागलेले आढळते. एका टोकाला कलासमीक्षकांची प्रशंसा असते, तर दुसऱ्या टोकाला विक्रेत्यांच्या सूची. पहिल्या प्रकारच्या लेखनात चित्र कोणत्या कागदावर, कोणी, कशासाठी छापले याची फारशी दखल नसते, आणि दुसऱ्यात चित्र काय सांगते याची नसते. संग्राहक या दोहोंच्या मध्ये उभा असतो. त्याला चित्र आवडलेले असते आणि त्याच्यासाठी पैसेही मोजायचे असतात. या मध्यभागी उभे राहून शागालच्या बायबलविषयक शिळामुद्रणांकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. सामान्य संग्राहक ज्या एका खुणेवर सर्वाधिक विसंबतो, ती पेन्सिलीने केलेली सही, या चित्रांच्या बाबतीत अस्सलपणाची सर्वांत दुबळी खूण आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मराठी वाचकाला शिळामुद्रण अपरिचित नाही. ‘शिळाछाप’ हा शब्दच आपल्याकडे एका संपूर्ण मुद्रणयुगाची आठवण करून देतो. जर्मनीत आलॉइस झेनेफेल्डर याने १७९६ ते १७९८ च्या सुमारास शोधलेली ही पद्धत तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या साध्या तत्त्वावर आधारलेली आहे. गुळगुळीत वा किंचित खरबरीत केलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने वा शाईने रेखाटायचे, शिळा ओली करायची, मग शाईचा रूळ फिरवायचा. रेखाटनावर शाई बसते, ओल्या दगडावर बसत नाही. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाची निराळी शिळा लागते, किंवा पुढील काळात निराळा जस्ताचा पत्रा. पुण्यात १८७८ मध्ये स्थापन झालेल्या चित्रशाळेने आणि १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलवलेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्याने याच पद्धतीने देवादिकांची चित्रे घरोघर पोहोचवली. आपल्या आजी-आजोबांच्या देवघरातील लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रावर चित्रकाराची पेन्सिलीची सही आहे की नाही हे कोणी कधी पाहिले नाही. धार्मिक प्रतिमा ही मुळातच पुष्कळांसाठी छापली जाते, ही जाणीव त्यामागे असावी. पुढील विवेचनात ही आठवण उपयोगी पडेल.

व्हितेब्स्क ते पॅरिस

शागालचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील, आजच्या बेलारूसमधील व्हितेब्स्क परिसरात एका हसिदी यहुदी कुटुंबात झाला. वडील हेरिंग माशांच्या वखारीत मोलमजुरी करीत. ज्या धर्मपरंपरेत मूर्ती वा कोरीव प्रतिमा करण्यास दहा आज्ञांतील दुसऱ्या आज्ञेचा निषेध आहे, त्या परंपरेतील मुलाने चित्रकार व्हावे, आणि चित्रकार होऊन त्याच धर्मग्रंथाची चित्रे काढावीत, यातील ताण शागालच्या बायबलचित्रांत सर्वत्र जाणवतो. ईश्वर तो प्रायः दाखवत नाही. देवदूत, प्रकाश किंवा हिब्रू अक्षरे ईश्वराच्या जागी येतात.

१९२२ मध्ये रशिया कायमचा सोडून तो बर्लिनला आला. तेथेच त्याने मुद्राचित्रणाचे धडे गिरवले व पहिली शिळामुद्रणेही केली. १९२३ मध्ये तो पॅरिसला गेला तो आंब्रुआझ व्होलार या प्रकाशक-विक्रेत्याच्या बोलावण्यावरून. गोगोलची ‘मृत आत्मे’ ही कादंबरी व ला फाँतेनच्या नीतिकथा यांच्यासाठी अम्लरेखने करून झाल्यावर व्होलारने त्याच्याकडे बायबलचे काम सोपवले. शागाल त्यासाठी १९३१ मध्ये पॅलेस्टाइनला जाऊन आला. परतल्यावर त्याने आधी गुआश रंगांतील चित्रे केली आणि मग तांब्याच्या पत्र्यांवर काम आरंभले. १९३९ मध्ये व्होलार अपघातात मरण पावला तेव्हा ६६ पत्रे पुरे झाले होते. त्यानंतर महायुद्ध आले. शागाल जून १९४१ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला, तो जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याच वर्षी व्हितेब्स्कच्या यहुदी वस्तीचा संहार झाला. १९४४ मध्ये पत्नी बेला निवर्तली. १९४८ मध्ये तो फ्रान्सला परतला आणि १९५२ पासून त्याने उरलेले पत्रे हाती घेतले. १०५ अम्लरेखनांचे ते बायबल अखेर १९५६ मध्ये तेरियाद या प्रकाशकाने काढले. त्याच्या २७५ क्रमांकित प्रती होत्या, शिवाय शागालने स्वतःच्या हाताने रंगवलेले १०० संच.

हा तपशील येथे विस्ताराने देण्याचे कारण असे की, ज्या शिळामुद्रणांचा आपण विचार करणार आहोत ती या दीर्घ, मध्येच तुटलेल्या कामाच्या शेवटाला आलेली आहेत. युद्धापूर्वी अब्राहाम व मोशे यांची चित्रे काढणारा शागाल एका जिवंत समाजाच्या ग्रंथाची चित्रे काढत होता. १९५२ नंतर त्याच पत्र्यांकडे वळणारा शागाल ज्या गावात त्याने तो ग्रंथ ऐकला त्या गावाच्या पश्चात चित्रे काढत होता. ‘व्हर्व्ह’च्या अंकांतील रंग पाहून त्यांना केवळ उल्हसित, बालसुलभ म्हणणाऱ्या समीक्षकांना हा फरक दिसलेला नाही.

‘व्हर्व्ह’चे दोन अंक

‘व्हर्व्ह’ हे तेरियादने १९३७ मध्ये पॅरिसला सुरू केलेले कलाविषयक नियतकालिक. मातिस, पिकासो, ब्राक, बोनार अशा चित्रकारांनी त्याच्यासाठी खास चित्रे केली. कलाकृतीचे छायाचित्र छापण्याऐवजी अंकातील पान हीच कलाकृती असावी, असा तेरियादचा आग्रह होता. १९५६ मध्ये निघालेला ३३–३४ हा जोडअंक शागालच्या बायबलला वाहिलेला आहे. त्यात १०५ अम्लरेखनांच्या हेलिओग्राव्ह्यूर पद्धतीने छापलेल्या प्रतिकृती आहेत, आणि त्याखेरीज खास या अंकासाठी शागालने केलेली शिळामुद्रणे : १६ रंगीत, १२ एकरंगी काळी, शिवाय मुखपृष्ठ व शीर्षकपान. मोशे, दावीद, शलमोन, यिर्मया ही या अंकातील प्रमुख पात्रे, अर्थात मुख्यत्वे राजे आणि संदेष्टे. १९६० मध्ये ३७–३८ हा जोडअंक निघाला. त्यात बायबलवरील ९६ रेखाचित्रांच्या प्रतिकृती, २४ रंगीत शिळामुद्रणे आणि त्या २४ पानांच्या मागील बाजूस काळ्या रंगातील आणखी २४ शिळामुद्रणे आहेत. ‘व्हर्व्ह’चा तोच शेवटचा अंक ठरला.

दोन्ही अंकांतील शिळामुद्रणे पॅरिसमधील फेर्नां मूर्लो यांच्या छापखान्यात छापली गेली. शागाल १९५० च्या सुमारास तेथे जाऊ लागला होता. मूर्लोने पुढे शागालच्या शिळामुद्रणांची समग्र सूची प्रसिद्ध केली, तिचा पहिला खंड १९६० चा. १९५६ च्या अंकातील चित्रांना त्या सूचीत ११७ ते १४६ आणि १९६० च्या अंकातील चित्रांना २३० ते २७७ हे क्रमांक आहेत. हे क्रमांक संग्राहकाने पाठ करावेत इतके उपयोगी आहेत, कारण त्यांतच एक गोष्ट दडलेली आहे. मागील बाजूच्या काळ्या चित्रांनाही मूर्लोने स्वतंत्र क्रमांक दिले. म्हणजे मुद्रकाच्या दृष्टीने पानाची मागची बाजू ही ‘मागची’ नव्हती.

या अंकांच्या प्रती किती निघाल्या? विक्रेत्यांच्या सूचींतून ६,५०० हा आकडा दिला जातो. अंकातील पानांवर सही नाही, क्रमांक नाही. पान साधारण ३५ सेंटीमीटर उंच व २६ सेंटीमीटर रुंद असते. काही थोड्या प्रती मात्र निराळ्या, रुंद समासाच्या कागदावर, पाठ कोरी ठेवून छापल्या गेल्या आणि त्यांवर शागालने क्रमांकासह सही केली. अंकातील सुटे पान व ही सही केलेली प्रत यांच्या किमतीत प्रचंड अंतर असते. रेखाटन तेच, छापखाना तोच, चित्रकाराने शिळेवर घेतलेले श्रमही तेच. अंतर फक्त समासाचे आणि सहीचे.

सही आहे तेथे

या ठिकाणी शार्ल सोर्लिए या माणसाची ओळख करून घेतली पाहिजे. सोर्लिए (१९२१–१९९०) मूर्लोच्या छापखान्यातील कसबी कारागीर, रंगांची शिळा-शिळांवर वाटणी करण्यात निष्णात. शागालची पुष्कळशी रंगीत शिळामुद्रणे त्याच्या साहाय्याने सिद्ध झाली. त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे शागालच्या गुआश चित्रांवरून वा आराखड्यांवरून त्याने स्वतः शिळेवर चित्रे उतरवली. जेरुसलेमच्या हदास्सा रुग्णालयातील सभागृहासाठी शागालने इस्राएलाच्या बारा वंशांवर बारा काचचित्रे केली, त्यांची प्रतिष्ठापना १९६२ मध्ये झाली. त्यांच्या आराखड्यांवरून १९६४ मध्ये निघालेली मोठ्या आकाराची बारा शिळामुद्रणे सोर्लिएने केलेली आहेत. ती शागालने पाहिली, मान्य केली व त्यांच्या मर्यादित प्रतींवर स्वतः सही केली. सही अस्सल आहे. त्यात फसवणूक कोणतीही नाही, कारण सोर्लिएचे नाव लपवलेले नाही.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहा. १९६४ च्या चित्रावर शागालची सही आहे, पण शिळेवर चाललेला हात सोर्लिएचा आहे. १९६० च्या ‘व्हर्व्ह’मधील पानावर सही नाही, पण रेखाटणारा हात शागालचा आहे. बाजार पहिल्याला अनेक पटींनी अधिक किंमत देतो. संग्राहक जर चित्रकाराच्या हाताचा शोध घेत असेल, तर तो चुकीच्या ठिकाणी पैसे मोजतो आहे. आणि जर तो चित्रकाराच्या नावाचा शोध घेत असेल, तर त्याने तसे स्वतःशी कबूल करावे.

या युक्तिवादालाही मर्यादा आहे, हे मान्य करणे भाग आहे. ‘चित्रकाराचा हात’ ही कल्पना शिळामुद्रणात तितकी निर्भेळ नसते. कित्येकदा चित्रकार दगडावर न रेखाटता खास तयार केलेल्या कागदावर रेखाटतो आणि ते रेखाटन शिळेवर उतरवले जाते. रंगांच्या शाया कोण मिसळतो, दाब कोण ठरवतो, पहिला ठसा पाहून ‘निळा थोडा कमी’ असे म्हणणारा चित्रकार असला तरी निळा कमी करणारा वेगळाच असतो. रविवर्म्याच्या छापखान्यातही त्याच्या तैलचित्रांवरून शिळा तयार करणारे जर्मन कारागीर होते, आणि त्या चित्रांतील रंगांचा जो तेजाळपणा आपल्याला ‘रविवर्मा’ म्हणून ओळखीचा वाटतो त्यात त्या कारागिरांचा वाटा थोडाथोडका नाही. तेव्हा सोर्लिएला कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, कोणाचा हात कोठे आहे हे ठाऊक असावे. सही ते सांगत नाही.

सही खोटीही असू शकते, आणि येथे परिस्थिती अधिक गंभीर आहे. ‘व्हर्व्ह’च्या अंकातील सुट्या पानावर पेन्सिलीने ‘मार्क शागाल’ असे लिहायला दोन मिनिटे लागतात, आणि त्या दोन मिनिटांत पानाची किंमत कित्येक पट होते. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या आरंभी टपाल खात्याच्या तपासाधिकाऱ्यांनी शागाल, दाली, मिरो व पिकासो यांच्या नावावर विकल्या जाणाऱ्या बनावट मुद्राचित्रांचे हजारोंनी साठे जप्त केले होते. या प्रकारातील फसवणूक दोन रीतींनी होते. एक, छायाचित्रीय पद्धतीने छापलेली प्रतिकृती शिळामुद्रण म्हणून खपवणे. दुसरी, अस्सल पण सहीविना असलेल्या मुद्रणावर खोटी सही करणे. दुसरी रीत मला पहिलीपेक्षा वाईट वाटते. पहिलीत केवळ गिऱ्हाईक फसते. दुसरीत एक अस्सल वस्तू कायमची डागाळली जाते, कारण खोटी पेन्सिल खोडली तरी कागदाचा पोत परत येत नाही.

भिंग आणि पाठ

पहिल्या फसवणुकीवर उपाय सोपा आहे : दहापट मोठे दाखवणारे भिंग. आजच्या सर्वसामान्य रंगीत छपाईत भिंगाखाली निळे, लाल, पिवळे, काळे ठिपके ठराविक अंतरावर, फुलाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले दिसतात. शिळामुद्रणात ते दिसत नाहीत. तेथे खडूच्या रेघेचा अनियमित रवा दिसतो, पातळ शाईच्या धुवटीतले ओघळ दिसतात, आणि एक रंग दुसऱ्यावर चढला असेल तर तो सलग चढलेला दिसतो. १९६० च्या अंकाची पुढे स्वस्त पुनर्मुद्रणेही निघाली आहेत. त्यांतील पाने कापून, चौकटीत बसवून ‘जुनी’ म्हणून विकली जातात. भिंगासमोर ती क्षणभरही टिकत नाहीत. दुसरा नेहमीचा गोंधळ १९५६ च्या अंकाच्या बाबतीत होतो. त्यातील १०५ हेलिओग्राव्ह्यूर प्रतिकृती ‘शागालची अम्लरेखने’ म्हणून खपवल्या जातात. अस्सल अम्लरेखनाच्या कागदावर तांब्याच्या पत्र्याच्या कडेचा दाबलेला ठसा असतो, या प्रतिकृतींवर तो नसतो. कोणी विक्रेता ‘व्हर्व्ह, १९५६’ असे लिहून पुढे ‘अम्लरेखन’ म्हणत असेल तर त्या दोन शब्दांतच विसंगती आहे.

दुसऱ्या फसवणुकीवरचा उपाय त्याहून सोपा आहे, पण तो फार थोडे लोक करतात : पान उलटून पाहणे. अंकातील पुष्कळशा रंगीत शिळामुद्रणांच्या पाठीवर काळे शिळामुद्रण असते. सही केलेल्या निराळ्या प्रतींची पाठ कोरी असते. तेव्हा ज्या पानाच्या पुढच्या बाजूला सही व क्रमांक आहे आणि मागे काळे चित्र आहे, ते पान अंकातले आहे आणि त्यावरची सही संशयास्पद आहे. जे विक्रेते पान पक्क्या पुठ्ठ्यावर चिकटवून देतात आणि चौकट उघडू देत नाहीत, त्यांच्याकडून काहीही घेऊ नये. अपवाद असतीलही. मला अजून भेटलेला नाही.

इंग्रजी मजकुराचा अंक म्हणजे दुय्यम, असा एक समज आहे, तो मात्र चुकीचा. हे दोन्ही अंक न्यूयॉर्कमधील प्रकाशकानेही इंग्रजीत काढले होते, आणि त्यांतील शिळामुद्रणे मूर्लोच्याच छापखान्यातील आहेत. फ्रेंच प्रतीइतकी मागणी नसल्याने ते काहीसे स्वस्त मिळतात. मर्यादित वेतनात संग्रह करू पाहणाऱ्या प्राध्यापकाला ही माहिती निरुपयोगी वाटणार नाही.

रूथची पाच पाने

आतापर्यंत अस्सल-नकलीचा विचार झाला. पण अस्सल पान हाती आले म्हणजे संग्रह झाला का? याचे उत्तर १९६० च्या अंकातील एका छोट्या मालिकेत शोधता येईल.

या अंकाचा विषय वरवर पाहता १९५६ च्या अंकाचाच आहे, पण दृष्टी पालटलेली आहे. राजे व संदेष्टे मागे सरले आहेत आणि स्त्रिया पुढे आल्या आहेत. वाळवंटात हाकलून दिलेली हागार, बापाच्या गृहदेवता लपवणारी राहेल, यहूदाची सून तामार, यरीहोत हेरांना आसरा देणारी राहाब, राजाने घालवून दिलेली वश्ती आणि तिच्या जागी आलेली एस्तेर. यांतील बहुतेकजणी कोठून ना कोठून बाहेर काढलेल्या किंवा परक्या आहेत. ज्याने स्वतः देश दोनदा सोडला, त्याने या स्त्रिया निवडाव्यात हा योगायोग नव्हे.

यातही रूथवर पाच चित्रे आहेत : नामी व तिच्या सुना, सरवा वेचणारी रूथ, रूथ व बवाज यांची भेट, बवाजाच्या पायाशी रूथ, आणि जागा होऊन तिला पाहणारा बवाज. रूथ मवाबी, म्हणजे परकी. नवरा मेल्यावर सासूला सोडून न जाता ती तिच्या गावी येते, कापणी झालेल्या शेतात गोरगरिबांसाठी राहिलेली कणसे गोळा करते. मराठी बायबलात यासाठी ‘सरवा’ हा आपल्या शेतकऱ्यांचाच शब्द आला आहे. त्या शेताच्या मालकाशी तिचे लग्न होते व तिच्या वंशात पुढे दावीद राजा जन्मतो. शागालने निवडलेले पाच प्रसंग पाहिले तर त्यात लग्न नाही, मुलाचा जन्म नाही, दावीद नाही. कथा ज्या गोष्टीसाठी सांगितली गेली ती गोष्टच त्याने वगळली आहे. राहते ते काय? उभे राहणे, वाकणे, समोर येणे, निजणे, जागे होणे. शरीराच्या पाच स्थिती. पाच पाने क्रमाने उलटली तर ही हालचाल वाकत वाकत जमिनीला टेकते आणि शेवटच्या पानावर पुन्हा उठते, पण उठतो तो पुरुष. रूथचे भाग्य तिच्या हाती नाही, त्या जागे होणाऱ्या माणसाच्या हाती आहे, हे शागालने एका शब्दाविना सांगितले आहे.

रंगांचेही तसेच. या पानांवरील रंगाचे डाग बाह्यरेषेच्या आज्ञेत नाहीत. रेषा आकृतीबरोबर जाते, रंग स्वतःच्या वाटेने पसरतो, कधी अर्ध्या चेहऱ्यावर, कधी चेहरा व आकाश दोहोंवर. अम्लरेखनात शागाल काळोखातून उजेड ओरखडून काढीत असे. शिळामुद्रणात प्रत्येक रंगाची शिळा निराळी असल्याने त्याला रंग आकृतीपासून सुटा करता आला. याच काळात, १९५७ पासून, तो आसी येथील चर्चसाठी व मग मेसच्या कॅथेड्रलसाठी काचचित्रे करू लागला होता. त्या कामात शिशाच्या पट्ट्या एकीकडे जातात आणि रंगीत काच दुसरीकडे. ‘व्हर्व्ह’ची पाने आणि काचचित्रे यांतील हे नाते ज्याला पाहायचे असेल त्याला एक पान पुरत नाही, कारण रंगांचे प्रवास पानापानांतून चालतात.

आणि बाजारात मिळते ते एक पान. ‘बवाजाच्या पायाशी रूथ’ हे भिंतीवर शोभून दिसते, म्हणून ते अधिक विकले जाते. अंक उसवला जातो, पाने एकेक विकली जातात, प्रतिकृतींची पाने बहुधा फेकून दिली जातात. उसवलेल्या अंकातून विक्रेत्याला जे मिळते ते अखंड अंकातून मिळत नाही, त्यामुळे दरवर्षी अखंड अंक कमी होत जातात. पोथी फोडून तिची पाने चौकटीत लावण्यासारखाच हा प्रकार आहे, आणि तो सचित्र हस्तलिखितांच्या बाबतीत आपल्याकडेही घडलेला आहे.

तरीही या व्यवहाराचा सरसकट निषेध करणे मला जमत नाही. सुटी पाने निघाली नसती तर ज्यांना अखंड अंक परवडत नाही अशांच्या घरी शागाल कधीच आला नसता. तेरियादनेच ही चित्रे हजारोंच्या संख्येने काढली, ती तिजोरीत ठेवण्यासाठी नव्हे. व्होलारच्या परंपरेतील, दोन-तीनशे धनिकांसाठी काढलेले जाडजूड ग्रंथ आणि तेरियादचे नियतकालिक यांत हाच तर फरक आहे. १९५६ साली त्याने दोन्ही काढले : ग्रंथ २७५ जणांसाठी, अंक हजारोंसाठी. शागालने अंकासाठी उरलीसुरली रेखाटने न देता नवी शिळामुद्रणे केली, यावरून त्याने या दुसऱ्या वाचकाला कमी मानले नव्हते एवढे निश्चित म्हणता येते. सही करून तो निराळी थोडी प्रत काढत होता हेही खरे, आणि त्यातून त्याला पैसे मिळत होते हेही खरे. संग्राहकाने या दोन शागालांपैकी कोणाशी नाते जोडायचे ते ठरवावे. माझा कल सांगायचा तर अखंड अंक मिळत असेल तर तो घ्यावा आणि उसवू नये. आधीच उसवलेले पान मिळत असेल तर ते सहीविना घ्यावे, कडेला शिवणीच्या वा डिंकाच्या खुणा असतील तर त्या कापू नयेत. त्या खुणा म्हणजे ते पान कोठून आले याचा एकमेव पुरावा असतो.

एका पानाविषयी

काही वर्षांपूर्वी एका परिचितांनी परदेशातून आणलेले चित्र पाहण्यास बोलावले. दिवाणखान्यात, खिडकीसमोर, सोनेरी चौकटीत रूथ सरवा वेचत होती. खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीची सही होती, डाव्या कोपऱ्यात क्रमांक. विक्रेत्याने दिलेले प्रमाणपत्र त्यांनी मोठ्या अभिमानाने दाखवले. चौकट उघडावी असे मी सुचवले तेव्हा त्यांना ते आवडले नाही, पण त्यांनी उघडू दिली. पुठ्ठ्याच्या आम्लाने कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि समुद्रकाठच्या दमट हवेने एका बाजूला बुरशीचे बारीक ठिपके धरले होते. पान चार कोपऱ्यांना डिंकाने चिकटवलेले होते. एका जाणकाराकडून ते काळजीपूर्वक सोडवून घेतले, तेव्हा पाठीवर काळ्या रेघांतले दुसरे शिळामुद्रण निघाले, एका कोपऱ्यात डिंकाने थोडे खरवडलेले.

म्हणजे पान १९६० च्या अंकातले होते आणि त्यावरची सही बहुधा कोणीतरी नंतर घातलेली. किंमत त्यांनी सही गृहीत धरून दिली होती. ते दोन दिवस खिन्न होते. सही खोडून टाकावी का, असे त्यांनी मला विचारले. मी नको म्हटले, कारण तीही आता त्या कागदाच्या इतिहासाचा भाग झाली आहे आणि खोडताना रवा बिघडला असता. ते चित्र आता त्यांच्या भिंतीवर नाही. आम्लविरहित कागदाच्या घडीत, कपाटाच्या कोरड्या कप्प्यात, आडवे ठेवलेले असते. कोणी पाहायला आले की ते टेबलावर पांढऱ्या कापडावर काढतात, आधी काळी बाजू वर करून, मग रंगीत.